खबर जाईल, माणूस थांबेल

बँकेत भरलेले पैसे अखेर आकडे होऊन ज्या कपाटात जाऊन बसतात, ते कपाट खातेदाराला कधी दिसत नाही. डेटा सेंटरच्या थंडगार खोलीत उभ्या असलेल्या या कपाटाला स्टोरेज अ‍ॅरे म्हणतात. आत ओळीने डिस्क, त्यांचा कारभार पाहणारे कंट्रोलर आणि जुन्या कपाटांत एका कोपऱ्यात मोडेम. काही बिघडलं की कपाट आपणहून कंपनीला फोन लावायचं. ईएमसी या अमेरिकी कंपनीने १९९० मध्ये सिमेट्रिक्स बाजारात आणलं तेव्हा अख्ख्या कपाटाची क्षमता २४ गिगाबाइट होती. आज खिशातल्या फोनमध्ये त्याहून जास्त मावतं. पण या घराण्याच्या यंत्रांनी गिऱ्हाइकांना एक सवय लावली. डिस्क गेल्याचं आपल्याला कळण्याआधीच इंजिनियर नवी डिस्क घेऊन दारात उभा! आयबीएमच्या यंत्रांत या सोयीला ‘कॉल होम’ म्हणतात. हिताचीचं हाय-ट्रॅक आणि नेटअ‍ॅपचं ऑटोसपोर्टही त्याच कामाची.

मोडेमची जागा आता इंटरनेटने घेतली आहे. जिथे अजून घेतलेली नाही तिथे अडचण तंत्राची नसते, भरवशाची असते. पुढच्या संवादातली दोन्ही माणसं कल्पित आहेत, वाद मात्र खरा आहे. राणे एका स्टोरेज कंपनीच्या सर्व्हिस विभागात मोडेमच्या काळापासून काम करणारे. सबनीस मॅडम एका बँकेच्या माहिती-सुरक्षा प्रमुख. जागा नवी मुंबईतल्या डेटा सेंटरची मीटिंग रूम, आणि टेबलावर राणेंचा प्रस्ताव : मोडेम काढा, सपोर्ट इंटरनेटवरून घ्या.

सबनीस : राणे, तुमचा प्रस्ताव वाचला. दर दोन ओळींनी ‘संपूर्ण सुरक्षित’ लिहिलंय. इतक्या वेळा सांगावं लागतं म्हटल्यावर मला झोप कशी यायची?

राणे : ते मार्केटिंगवाल्यांचं काम, मॅडम. ती पानं बाजूला ठेवा. मी सरळ विचारतो. आज तुमच्या मोडेमवर तुमचा कशासाठी विश्वास आहे?

सबनीस : कारण तो माझ्या नेटवर्कवर नाही. कपाटातून एक फोनची वायर निघते, ती भिंतीत जाते, संपलं. फायरवॉल नको, पोर्ट उघडायला नको. मनात शंका आली तर वायर उपटली की झालं. जगातले सगळे चोर इंटरनेटवर फिरतात आणि तुम्ही माझं कपाट तिथेच नेऊन उभं करा म्हणताय.

राणे : तुमचा मोडेमही जगाला जोडलेलाच आहे की. टेलिफोनचं जाळं हे जाळंच असतं. आठ आकडे फिरवले की कुणीही तुमच्या कपाटापर्यंत पोचतो. ‘वॉरगेम्स’ नावाचा सिनेमा १९८३ चा. त्यातला पोरगा संगणकाकडून एकामागून एक नंबर फिरवून घेतो आणि पलीकडून मोडेम शिटी देतो का ते ऐकतो. त्या सिनेमावरूनच या उद्योगाला वॉर-डायलिंग नाव पडलं. तुमचा नंबर डिरेक्टरीत नसेल, पण नंबर आहे ना? मग तो कधीतरी फिरवला जाणारच.

सबनीस : सिनेमाचे दाखले नकोत.

राणे : मग खरा देतो. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला संगणकाच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत दिसली. माग काढत गेला तर घुसखोर निघाला पश्चिम जर्मनीतल्या हॅनोवरचा. हा बाबा वाटेत व्हर्जिनियातल्या मायटर या संस्थेत शिरायचा, ही संस्था संरक्षण खात्याची कामं करते, आणि तिच्याच मोडेमवरून पुढे दुसऱ्या संगणकांना फोन लावायचा. कॉलचं बिल मायटरच्या नावावर! बिलं येत होती, भरली जात होती, आणि स्टोलने कळवेपर्यंत तिथे कुणाला पत्ता नव्हता. मोडेमचा खरा दोष हा आहे. त्याच्याकडे कुणी बघत नाही. तुमच्या फायरवॉलच्या लॉगवर रात्रंदिवस माणसं बसलीत. या मोडेमवर आजवर कोण कोण येऊन गेलं, त्याची नोंद तुमच्याकडे आहे?

सबनीस : नाही. पण आमचा मोडेम कॉल-बॅकवर आहे. कुणी फोन केला तर तो ठेवून देतो आणि ठरलेल्या नंबरावर स्वतः फोन लावतो.

राणे : कॉल-बॅकलाही जुनी पळवाट आहे. काही एक्स्चेंजमध्ये फोन करणाऱ्याने ठेवल्याशिवाय लाइन सुटत नसे. मोडेमने ठेवला तरी समोरचा तसाच धरून बसायचा आणि वर डायल टोनचा खोटा आवाज ऐकवायचा. मोडेम बिचारा त्यावर विश्वास ठेवून नंबर फिरवायचा आणि त्याच माणसाला जोडला जायचा.

सबनीस : ठीक. मोडेम म्हणजे किल्ला नाही, हे मान्य करते. पण तो दुबळा आहे हे माझ्या फायद्याचंच आहे. त्या बारीक नळीतून चोर आला तरी नेणार किती? तुमच्या इंटरनेटच्या लाइनवरून रात्रीत अख्खी बँक बाहेर जाईल.

राणे : चोर नेणार नाही, तसं मलाही काही मिळत नाही, त्याचं काय? मोडेमवर ‘५६ के’ लिहिलेलं असतं. तो वेग एकाच दिशेने, आणि तोही पलीकडचं टोक डिजिटल असेल तर. कपाट आम्हाला काही पाठवतं तेव्हा बहुतेक मोडेमवर फार तर ३३.६ किलोबिट. कंट्रोलर कोसळला की त्याच्या मेमरीचा डंप लागतो, त्यावरून कारण कळतं. तो एक गिगाबाइटचा धरा. लाइन एकदाही तुटली नाही असं समजलं तरी ६६ तास लागतात. तेच १० मेगाबिटच्या साध्या लाइनवर पाऊण तास दूरच, पाव तासाच्या आत जातं. म्हणून काय होतं? डंप पाठवायचा नाही, इंजिनियरला पेनड्राइव्ह घेऊन पाठवायचं. सुरक्षेच्या नावाखाली तुम्ही मोडेम ठेवलात आणि माझा माणूस खिशात पेनड्राइव्ह घालून तुमच्या सर्व्हर रूममध्ये शिरतो. सांगा, यातलं जास्त धोक्याचं कुठलं?

सबनीस : पेनड्राइव्हची बाब मी लिहून घेतली, त्याचं वेगळं बघते. पण वेग ही तुमची सोय झाली, राणे. मला काय मिळतं?

राणे : आधी हे विचारा, आज काय मिळतंय? बिघाड झाला की मोडेम फोन लावतो, हे गृहीत आहे. लागतो का तो फोन? मी किती ठिकाणी बघितलंय सांगू. ऑफिसात नवीन ईपीएबीएक्स बसतो, सगळी एक्स्टेन्शन डिजिटल होतात, आणि साध्या मोडेमला डायल टोनच मिळत नाही. कुठे बाहेरची लाइन घ्यायला आधी शून्य लागतो, तो कुणी कपाटात भरलेलाच नसतो. भरला तरी शून्यानंतर स्वल्पविराम टाकायचा राहतो. त्या स्वल्पविरामाने मोडेम दोन सेकंद थांबतो, नाहीतर लाइन मिळायच्या आत नंबर फिरवून मोकळा. एका ठिकाणी तर अकाउंट्सने ‘हा नंबर कुणी वापरत नाही’ म्हणून बिल भरणंच बंद केलं. वापरणारं कपाट होतं, त्याला कोण विचारणार! लाइन कापली गेली. पुढे डिस्क गेली, कपाट फोन लावत राहिलं, आणि पावसाळ्यात दुसरी डिस्क गेल्यावर सगळ्यांना कळलं.

सबनीस : दर आठवड्याला चाचणीचा कॉल लावता येतो की.

राणे : येतो. पण तो आला नाही हे कुणी बघायचं? आणि तांब्याची लाइन मिळणार किती दिवस? ब्रिटनने जुनं टेलिफोन जाळं जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचं ठरवलंय. आपल्याकडेही एक्स्चेंज ते घर फायबर येतंय आणि आवाज इंटरनेटच्या पाकिटांतून जातोय. माणसाचं बोलणं दाबून छोटं केलेलं चालतं, कानाला फरक कळत नाही. मोडेमची शिटी तशी दाबली की तिचा अर्थच जातो. म्हणजे मोडेम ठेवा म्हणालात तरी तो शेवटी इंटरनेटवरूनच बोलणार, फक्त तोतरा आणि तुमच्या फायरवॉलला न सांगता.

सबनीस : हा मुद्दा मात्र खरा. बरं, मोडेम जायचाच असेल तर जाऊ दे. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालं नाही. बँकेचा फायदा काय?

राणे : एक उदाहरण देतो, त्यात सगळं येतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने गिऱ्हाइकांना कळवलं, की त्यांच्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील. दोष फर्मवेअरमधला. ३२,७६८ म्हणजे २ चा १५ वा घात. तास मोजणारा आकडा तिथे पोचला की सगळं कोसळणार. हिशेब केला तर ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. त्यानंतर डिस्कही परत येत नाही आणि तिच्यावरचा डेटाही नाही. पुढच्या मार्चमध्ये दुसऱ्या काही मॉडेलांबद्दल तशीच सूचना आली, तिथे आकडा होता ४०,००० तास. आता बघा, आपली सगळी मदार रेडवर. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडलेली कल्पना : डिस्क सुट्या सुट्या मरतात, एक गेली तर बाकीच्यांवरून तिचा डेटा पुन्हा उभा करता येतो. पण एका कपाटातल्या डिस्क एकाच दिवशी चालू केलेल्या असतात. त्या एकाच दिवशी ३२,७६८ तास भरतील. रेड तिथे काय करणार?

सबनीस : आणि मोडेम काय सांगणार? डिस्क गेली, एवढंच. तेही सगळ्या गेल्यावर.

राणे : बरोबर पकडलंत. मोडेम मेल्याची बातमी देतो. इंटरनेटवरून रोज जाते ती यादी : कोणती डिस्क, कोणतं फर्मवेअर, किती तास झाले, तापमान किती. असा दोष सापडला की कंपनी आपल्या यादीत बघते आणि ज्याच्या डिस्क काठावर आल्यात त्याला आधी फोन करते. एकट्या बँकेला हे कधीच कळणार नाही, कारण तिच्याकडे तिचंच कपाट आहे. कंपनीकडे सगळ्यांची कपाटं एकत्र दिसतात.

सबनीस : पटलं. आता तुम्हीच जे बोललात ते मी तुमच्यासमोर पुन्हा ठेवते. ही यादी कुठून कुठे जाते?

राणे : तुमच्याकडून आमच्याकडे.

सबनीस : म्हणजे बाहेर. मग प्रस्तावाच्या मागल्या पानांवर तुम्ही आत यायची परवानगी कशाला मागताय? डिस्कची यादी मिळवायला तुमच्या इंजिनियरला माझ्या कपाटावर लॉगिन का लागतं? तुम्ही खबर आणि माणूस एकाच पिशवीत घालून विकताय, राणे.

राणे : (थोडं थांबून) मोडेमच्या काळापासून ते एकत्रच होतं. एक वायर, तिच्यावरूनच कपाट फोन करायचं आणि तिच्यावरूनच आम्ही आत शिरायचो. दोन्ही वेगळं करायची सोयच नव्हती.

सबनीस : आणि इंटरनेटवर ती आहे. तुमच्या प्रस्तावातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे आणि तीच तुम्ही लिहिलेली नाही. माझ्या दृष्टीने इंटरनेटवर जाण्याचं एकमेव चांगलं कारण वेग नाही. या दोन गोष्टींचे दोन रस्ते करता येतात, हे आहे. खबर रोज, आपोआप, एका दिशेने. माणूस कधीतरी, विचारून, मी बघत असताना.

राणे : पण आमची व्यवस्था तशीही बाहेरच जाते, मॅडम. आतल्या दिशेने एकही पोर्ट उघडावा लागत नाही. तुमच्याकडचा गेटवे ४४३ पोर्टवरून बाहेर जोडणी करतो, टीएलएसने झाकलेली, दोन्ही बाजूंची सर्टिफिकेट तपासून.

सबनीस : हे वाक्य मी आजवर प्रत्येक व्हेंडरकडून ऐकलंय, आणि ते अर्धंच खरं असतं. जोडणी बाहेर जाते, कबूल. पण तुमचा गेटवे दर काही सेकंदांनी विचारतो, ‘माझ्यासाठी काही काम आहे का?’ उत्तर आलं, ‘हो, अमुक इंजिनियरला कपाटावर यायचंय’, की त्याच बाहेर गेलेल्या जोडणीच्या पोटातून तो माणूस आत येतो. फायरवॉलला दिसतं बाहेर जाणारं एक पाकीट. म्हणून फायरवॉलच्या नियमाने माझं समाधान होत नाही. आत येण्याचा निर्णय कुठल्या यंत्रावर होतो ते सांगा.

राणे : गेटवेवर नाही. त्याच्या शेजारी पॉलिसी सर्व्हर असतो, तो तुमच्या डीएमझेडमध्ये, म्हणजे इंटरनेट आणि आतलं नेटवर्क यांच्या मधल्या पट्ट्यात, तुमच्या ताब्यात. त्यावर प्रत्येक कामासाठी तीन पर्याय : नेहमी परवानगी, विचारून परवानगी, कधीच नाही. कोण आलं, किती वाजता, कुठल्या कपाटावर, काय करून गेलं, त्याची नोंद तिथे राहते. आमचा इंजिनियरही नुसत्या पासवर्डवर येऊ शकत नाही, दुसरी ओळख लागते. तुमच्या सोसायटीत पाहुणा आला की वॉचमन वहीत नाव लिहितो, इंटरकॉमवर तुम्हाला विचारतो आणि मग वर सोडतो, तसंच आहे हे.

सबनीस : सोसायटीचा वॉचमन एका सोसायटीचा असतो. तुमचा वॉचमन जगभरातल्या तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या दारात उभा आहे, आणि तो एकाच कारखान्यातून आलाय. माझी खरी भीती ती. मोडेमच्या काळात चोराला एकेक नंबर फिरवून एकेक कपाट शोधावं लागायचं. आता तो तुमच्याकडेच शिरला की सगळी दारं एकदम.

राणे : असं झाल्याचं...

सबनीस : झालंय. तुमच्याकडे नाही, पण तुमच्या जातीच्या सॉफ्टवेअरमध्ये. २ जुलै २०२१. कसेयाचं व्हीएसए, दुसऱ्यांचे संगणक लांबून सांभाळायचं सॉफ्टवेअर. त्यातल्या फटीतून रेव्हिल टोळीने खंडणीचं मालवेअर सोडलं. कसेयाचे थेट ग्राहक ६० च्या आसपास सापडले, पण ते सगळे दुसऱ्यांचे संगणक सांभाळणारे. त्यांच्यामार्फत १,५०० पर्यंत धंदे अडकले. स्वीडनमध्ये कूपची ८०० च्या घरात दुकानं बंद ठेवावी लागली, कारण गल्लेच चालेनात. आणि मार्च २०२२ मध्ये अ‍ॅक्सेडा. ते तर नेमकं तुमच्या कामाचं, यंत्रांना लांबून सपोर्ट देणारं. त्यात सात त्रुटी जाहीर झाल्या, आणि १०० हून जास्त कंपन्यांची १५० हून जास्त मॉडेलं त्यात सापडली. रुग्णालयांतली यंत्रंसुद्धा.

राणे : व्हेंडरमार्फत चोरीचं म्हणाल तर लोक अमेरिकेतल्या टार्गेटचं उदाहरण देतात. २०१३ अखेरची गोष्ट, ४ कोटी कार्डं गेली, आणि चोर आला एसी-रेफ्रिजरेशनच्या ठेकेदाराचा पासवर्ड घेऊन. पण तो पासवर्ड एसी लांबून चालवण्यासाठीचा नव्हता, बिलं आणि कामाची कागदपत्रं पाठवण्यासाठीचा होता. रिमोट सपोर्टला उगाच दोष लागतो.

सबनीस : त्याने माझी भीती वाढतेच. नुसती बिलं पाठवणाऱ्याच्या पासवर्डवरून माणूस आत शिरून गल्ल्यापर्यंत पोचतो, तर खुद्द डिस्कवर हात फिरवणाऱ्याचं काय? आणि तुमची ती ‘दुसरी ओळख’. मार्च २०११ मध्ये अशा ओळखीची टोकन बनवणाऱ्या आरएसएवर हल्ला झाला, टोकन ज्या गुपितावर चालतात ते गुपितच हल्लेखोरांच्या हाती लागलं. सुरुवात झाली कर्मचाऱ्याने उघडलेल्या एका एक्सेल फाइलने. आणि आरएसए तेव्हा कुणाची होती? स्टोरेज विकणाऱ्या ईएमसीची.

राणे : मॅडम, एवढं सगळं खरं धरलं तर कुणीच कुणाला जोडायला नको. पण तुमच्या बाजूलाही एक फट आहे, ती मी दाखवतो. तुम्ही ‘विचारून परवानगी’ ठेवणार, बरोबर? रात्री दोन वाजता कपाट कळवतं, एक डिस्क गेली, राखीव डिस्कवर डेटा उभा करणं सुरू झालंय, आणि दुसऱ्या डिस्कवर चुका दिसायला लागल्यात. आमचा इंजिनियर आत यायला परवानगी मागतो. कोण देणार?

सबनीस : ड्युटीवरचा अधिकारी.

राणे : तो जागा असेल तर. हल्लीच्या २० टेराबाइटच्या डिस्कचं गणित करा. सेकंदाला २०० मेगाबाइट, मध्ये काही अडथळा नाही असं धरलं तरी ती पुन्हा भरायला जवळजवळ २८ तास. दिवसा खातेदारांचं काम चालू असताना आणखी जास्त. तेवढा वेळ कपाट एका पायावर उभं. आणि आम्ही तुमच्या इनबॉक्समध्ये परवानगीची वाट बघत. सुरक्षेमुळे डेटा गेला तर तोही गेलेलाच डेटा.

सबनीस : म्हणून तुम्ही ‘नेहमी परवानगी’ मागताय.

राणे : निदान बघण्यापुरती. लॉग वाचायचे, चुका मोजायच्या, दुसरी डिस्क वेळेवर बाजूला काढायची की नाही ते ठरवायचं. बदल करायचा असेल तर विचारू.

सबनीस : मग तीन पायऱ्या करू. खबर नेहमी, तिला कुणाची परवानगी नको. नुसतं बघायला यायचं तर तुमच्या बाजूने ज्यांची नावं आधी दिली आहेत तेच इंजिनियर, आणि त्यांचा प्रत्येक प्रवेश माझ्या सुरक्षा केंद्राच्या स्क्रीनवर त्याच क्षणी दिसला पाहिजे. बदल करायचा, फर्मवेअर चढवायचं, डिस्क बाहेर काढायची, तर माझ्या माणसाने हो म्हटल्याशिवाय नाही. आणि रात्री दोनला तो माणूस जागा राहील, ही जबाबदारी माझी. त्यासाठी मला एक पाळी वाढवावी लागेल, तिचे पैसे मी मागेन. मोडेममध्ये हा खर्च दिसत नव्हता कारण कुणी बघतच नव्हतं.

राणे : हे मी वर घेऊन जाऊ शकतो. आमचे लोक कुरकुर करतील, पण घेऊन जातो.

सबनीस : थांबा, खबरीतही काय जातं ते बघितलं पाहिजे. तुमच्या पत्रकात लिहिलंय, ‘ग्राहकाचा डेटा जात नाही’.

राणे : खातेदाराची नोंद जात नाही. एरर कोड, डिस्कचे सीरियल नंबर, तापमान, व्हॉल्यूमची नावं...

सबनीस : व्हॉल्यूमचं नाव, ते जोडलेल्या सर्व्हरचं नाव आणि त्याचा पत्ता. आमच्या लोकांनी नावंच अशी ठेवलीत की वाचणाऱ्याला नकाशा मिळतो : कोअर बँकिंग कुठे, एटीएम कुठे, बॅकअप कुठे. चोराला शिरण्याआधी हेच हवं असतं. आणि तुमचा तो मेमरी डंप? कंट्रोलर कोसळला त्या क्षणी त्याच्या मेमरीत जे होतं ते सगळं त्यात. त्यात खातेदाराची माहिती नसेलच, याची लेखी हमी तुम्ही द्याल?

राणे : डंपबद्दल नाही देता येणार.

सबनीस : मग डंप खबरीत नाही. तो तिसऱ्या पायरीत, विचारून. व्यवहारांचा डेटा भारताबाहेर साठवायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्येच सांगितलंय, आणि आयटीची कामं बाहेर देण्याबद्दलचे तिचे निर्देश ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहेत. कामं बाहेर दिली तरी जबाबदारी बँकेचीच राहते. उद्या काही झालं तर रिझर्व्ह बँक तुमच्याकडे येणार नाही, माझ्या दारात येईल. पुण्यात ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला, ९४ कोटींच्या आसपास रक्कम गेली. त्याचा स्टोरेजच्या सपोर्टशी काही संबंध नव्हता, पण तेव्हापासून आमच्या संचालक मंडळात ‘बाहेरून जोडणी’ हे शब्द उच्चारले की सगळे माझ्याकडे बघतात.

राणे : कळतं मला. एक विचारू? मोडेम असताना तुम्ही हे प्रश्न का विचारले नाहीत? तेव्हाही आम्ही आत येत होतो, डंप नेत होतो, व्हॉल्यूमची नावं वाचत होतो.

सबनीस : कारण मोडेम तुमचा होता. कपाटासोबत आला, कपाटासोबत राहिला. माझ्या यादीत तो कधी नव्हताच, म्हणून माझा प्रश्नही नव्हता. इंटरनेटची जोडणी माझ्या फायरवॉलमधून जाणार, म्हणून आता तो माझा प्रश्न झाला. खरं तर ही तक्रार नाही. दार माझं आहे हे मला उशिरा का होईना कळलं, हे चांगलंच.

राणे : मग मी प्रस्तावात हेच लिहितो. दोन रस्ते, तीन पायऱ्या, पॉलिसी सर्व्हर तुमचा, लॉगची एक प्रत तुमच्याकडे.

सबनीस : लॉग १८० दिवस, आणि भारतात. सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे. आणि एक कलम अजून. तुमच्या कंपनीत घुसखोरी झाली, गेटवेचं सॉफ्टवेअर नासलं किंवा इंजिनियरचं खातं चोरीला गेलं, तर मला किती वेळात सांगणार?

राणे : मुख्यालयाच्या मसुद्यात ‘वाजवी कालावधीत’ असं आहे.

सबनीस : घटना कळवायला सर्ट-इन मला सहा तास देतं. पण ते सहा तास मला कळल्यापासून सुरू होतात. तुम्ही तीन आठवड्यांनी सांगितलंत तर कायद्याने मी वेळेत, आणि चोर तीन आठवडे माझ्या कपाटात. ‘वाजवी’ खोडा. तिथे तासांचा आकडा हवा.

राणे : हे माझ्या हातात नाही. परदेशातले वकील आकडा लिहायला तयार होत नाहीत. अनेक गिऱ्हाइकांनी मागून बघितलंय.

सबनीस : मग त्यांना माझ्या वतीने सांगा. खबरीचा रस्ता या आठवड्यात सुरू करा, माझी हरकत नाही. मोडेम आजच काढून न्या; तो चालू आहे की बंद, हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही. आत येण्याचा रस्ता मात्र करारात तो आकडा येईपर्यंत बंद राहील.

राणे : आणि तोवर रात्री दोनला डिस्क गेली तर?

सबनीस : तुम्हाला खबर मिळेल, राणे. डिस्क घ्या आणि गाडी काढा. गेटवर तुमचं नाव सांगून ठेवते.